हंडी बघून लिही

बारावीचा निकाल लागला की शाळेतल्या चार-पाच मुली आपापल्या आया घेऊन माझ्या घरी येतात. चहा होतो, मुढीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, वाडगा फिरतो, मुली खाली मान घालून बसतात आणि आया विचारतात, "दिदिमणी, इकॉनॉमिक्स घेऊन पुढे काय होतं?"

मी ठरलेलं सांगते. बँक आहे, विमा कंपन्या आहेत, सरकारी परीक्षा आहेत, मास्तरकी तर आहेच. पोरगी हुशार असली तर दिल्लीला जाऊन पुढचं शिकेल. फारच हुशार असली तर परदेशी जाईल आणि फोनवरून नातवंडं दाखवेल. आया खूश होऊन जातात. खिडकीतून समोरच्या घराकडे बोट करून मी कधी म्हणत नाही की बायांनो, हेसुद्धा होतं. कशाला म्हणू? पोरीची अॅडमिशन व्हायची असते.

समोरच्या घरात विभास कोनार राहतो. घर बापाचं, दोघां भावांचं. मधे अंगण, अंगणाच्या आतल्या बाजूला धाकटा भाऊ प्रभास, त्याची बायको शिप्रा आणि मुलगी टुलटुल. रस्त्याकडच्या एका खोलीत विभास. माझ्या गच्चीवरून त्यांचं अख्खं अंगण दिसतं. दिसतं तर मी काय डोळे बांधून कपडे वाळत घालू?

विभास नि मी एका वर्गात होतो, बी.ए.ला आणि एम.ए.लाही. वर्गात पहिला तो. दुसरा कोण यायचा ते कुणाला आठवत नाही, इतका पहिला. सर त्याला म्हणायचे, तू दिल्लीला जा, पुढचं मी बघतो. पण एम.ए.च्या शेवटच्या वर्षी त्याचे वडील गेले. घरात आई आणि शाळेत जाणारा प्रभास. त्याच सुमारास सर्वेक्षण खात्याची जाहिरात आली: घरोघर जाऊन माहिती गोळा करायची, इकॉनॉमिक्सची पदवी पाहिजे. विभास म्हणाला, "वर्षभर करतो मंजू, मग जातो दिल्लीला." ते वर्ष अजून चालूच आहे. पुढच्या पौषात तो निवृत्त होईल.

बाकीचे पांगले. दीपांजन बँकेत जाऊन मॅनेजर झाला, त्याचं पोट सुटलं. अनुराधा अमेरिकेत गरिबीवर लिहिते. एकाने कपड्यांचं दुकान टाकलं आणि तो आमच्या सगळ्यांपेक्षा सुखी आहे. मी मुलींच्या शाळेला चिकटले. आणि विभास लोकांना विचारत हिंडतो, तुम्ही काय खाल्लं?

खरंच, हेच त्याचं काम. बांकुड्याच्या खेड्यात जा, आसनसोलच्या कोळशाच्या वस्तीत जा, कुणाच्या तरी पडवीत बस आणि विचार: मागच्या महिन्यात तांदूळ किती लागले, डाळ कुठली, तेल किती, अंडी खाल्ली का, मासे विकत आणले की आपल्या तळ्यातले, पाहुणे आले का, किती वेळा जेवले. लोकांना आधी वाटतं हा रेशन कार्ड कापायला आलाय. मग वाटतं कराचा माणूस आहे. शेवटी कळतं की नुसताच विचारतोय, तेव्हा त्यांना त्याची कीव येते. एका म्हातारीने त्याला म्हटलं होतं, "बाबा रे, मागच्या महिन्याचं मला कुठलं आठवतंय? पण तू सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस." हे त्याने मला दोनदा सांगितलंय. एवढ्या वर्षांत उलट त्याची विचारपूस करणारी ती एकटीच भेटली असणार.

त्या कामात एक गोष्ट सगळ्यात आधी शिकवतात. छप्पर मोजायचं नाही, हंडी मोजायची. एका हंडीतला भात जे खातात ते एक कुटुंब. एकाच घरात सख्खे भाऊ राहत असतील, पण हंड्या दोन असतील तर कुटुंबं दोन. आणि परका मुलगा जरी त्या हंडीतलं खात असेल तर तो त्या कुटुंबातला. आमच्याकडे असंही बोलतातच, अमक्यांची हंडी वेगळी झाली, म्हणजे घर फुटलं. विभास पुढे वरच्या जागेवर गेला, नव्या पोरांना शिकवायला लागला, तेव्हा एकेकाला सांगायचा, "लोक खोटं बोलत नाहीत, पण लाजतात. घर फुटलेलं कुणी तोंडाने सांगत नाही. विचार, ऐकून घे, आणि मग स्वयंपाकघरात डोकाव. हंडी बघून लिही." हे त्याचं वाक्य त्याच्या खात्यात सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पाठीमागे पोरं त्याच्या आवाजात ते म्हणतात.

पण माणूस असं काम आयुष्यभर करतो तेव्हा ते त्याच्या अंगात मुरतं, आणि मग ते बाहेर कुठे सोडून येता येत नाही.

लग्नाचंच बघा. त्याच्या आईने मेमारी गावची एक मुलगी बघितली होती. चांगली शिकलेली, रंगाने सावळी, हसरी. आम्ही सगळे बघायला गेलो. मुलीच्या आईने संदेशांची ताटली पुढे केली. विभासने एक उचलला, तोंडात टाकला आणि विचारलं, "घरचे की विकतचे?" मुलीची आई म्हणाली, घरचे. तर हा विचारतो, "दूध घरच्या गाईचं का?" मुलीच्या मामाने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, की अहो, त्यांच्या तक्त्यात घरचं नि विकतचं वेगवेगळं धरतात? परत येताना त्याची आई बसमध्ये रडली. विभासला शेवटपर्यंत कळलं नाही की झालं काय. "साधी गोष्ट विचारली," म्हणाला. त्यानंतर दोन स्थळं झाली, तीही फिसकटली, आणि मग कुणी बघितलंच नाही.

प्रभासचं लग्न त्याने थाटात केलं. शिप्रा आली ती तोंडाने फटकळ, हाताने सुगरण. आल्या आल्या तिने सासूबाईंच्या हातून स्वयंपाकघर घेतलं आणि दोघींचं बरं चाललं. शिप्राचं पोस्तो, खसखस वाटून केलेलं, आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. विभास दौऱ्यावरून आला की ती बटाट्याचं पोस्तो करायची, मोठ्या दिराला आवडतं म्हणून. त्याच्याशी थेट बोलणं कमीच असायचं. मोठा दीर, तेवढी आब ठेवायची रीत. पण ताटात काय पडतंय त्यावरून माया कळायची.

मग त्याची आई गेली. आणि वर्ष व्हायच्या आतच ते तेलाचं झालं.

दुपारची जेवणं चालली होती. विभास दहा दिवसांच्या दौऱ्यावरून आला होता. माशाचा तुकडा तोंडात, डोकं कुठेतरी त्या तक्त्यांत, आणि त्याने विचारलं, "महिन्याला तेल किती लागतं गं आपल्याकडे?"

शिप्रा वाढत होती. तिचा डाव थांबला. "का? जास्त लागतं का?"

"नाही नाही. डोईमागे किती पडतं ते बघत होतो."

डोईमागे! अरे बाबा, आई जाऊन वर्ष झालेलं नाही, घर पहिल्यांदाच त्या बाईच्या हातात आलंय, तुझा पगार घरात येतोय, आणि तू तिच्या स्वयंपाकघरात बसून डोकी मोजतोस? मी तिथे असते तर टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला असता.

दुसऱ्या दिवशी शिप्रा माझ्याकडे आली आणि पदर डोळ्याला लावून बसली. "मंजुदी, सासूबाई होत्या तोवर मला कुणी तेलाचा जाब विचारला नाही. मी काय तेल माहेरी पाठवते?"

मी म्हटलं, "अगं, त्याची ती सवय आहे. तो सगळ्यांनाच विचारतो. उद्या देवळात गेला तर पुजाऱ्यालाही विचारेल."

"लोकांना विचारायचा पगार मिळतो त्यांना. मला विचारून काय मिळणार होतं?"

ती चार दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पण भाजी वाटीत मोजून घातल्यासारखी. विभासला शेवटी कळलं की काहीतरी बिघडलंय. आणि त्याने काय करावं? बाजारात जाऊन एक लहान हंडी आणली, एक शेगडी आणली, आणि आपल्या खोलीत आपलं आपण शिजवायला लागला. त्याला वाटलं, बिचारीला माझा त्रास नको. तिला वाटलं, दादा फणकाऱ्याने वेगळे झाले, साऱ्या गल्लीत माझं नाक कापलं. आणि प्रभासला काही वाटलंच नाही, तो पेपर वाचतो.

दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला असता तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. नाही विचारला. विजयादशमीला शिप्रा अंगण ओलांडून जाते, वाकून त्याच्या पाया पडते, नारळाचे लाडू ठेवते. तो वाटी घासून, पुसून, बत्तासे घालून परत पाठवतो. टुलटुलच्या हातून. ती आता कॉलेजात आहे आणि हे वाटीचं नेणं-आणणं ती शाळेत जायच्या आधीपासून करते आहे. तिला ते घरांमधलं नाही, देशांमधलं वाटत असेल.

मी एकदा गच्चीवरून त्याला सहज विचारलं, "काय रे, आज काय केलंस?" तो हातातली बादली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. असा दचकला की मलाच कसंतरी झालं. मग म्हणाला, "भात. मसुराची डाळ. बटाटा. मोहरीचं तेल, मीठ, हळद." तक्त्यात जसं येतं तसं, ओळीने. मी म्हटलं, "मिरची नाही?" तर म्हणाला, "हो, मिरची राहिली. एक." आणि हसला. दिवसभर त्याला ते पुरलं असावं, कारण संध्याकाळीही मला बघून त्याने हात केला.

एवढा एकटा माणूस मी दुसरा बघितला नाही. कुठल्या गावात किती मासे खातात ते त्याला माहीत, आणि पंधरा पावलांवर त्याच्या भावाच्या घरात आज काय शिजलं ते त्याला वासावरून ओळखावं लागायचं.

आता पियालीचं सांगते. पियाली सांतरा माझी विद्यार्थिनी. तिची आईही अशीच चहा पिऊन विचारून गेली होती, पुढे काय होतं म्हणून. पियाली एम.ए. झाली, दोन वर्षं परीक्षा देत राहिली आणि शेवटी विभासच्याच खात्यात कंत्राटावर लागली. आई मला बाजारात गाठून म्हणाली, "दिदिमणी, तुम्ही बँक म्हणाला होता. पोरगी लोकांच्या चुली बघत फिरतेय." मी भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले, दुसरं काय करणार?

पोरगी मात्र कामाला चांगली निघाली. विभास तिच्यावर खूश होता. ती मला सांगायची, सर शिकवताना उदाहरण स्वतःच्या घराचंच देतात. फळ्यावर एक चौकोन काढतात आणि म्हणतात, हे माझं घर. छप्पर एक, हंड्या दोन, कुटुंबं दोन. एकात तीन माणसं, एकात एक. "दिदिमणी, सर अगदी हसत हसत सांगतात," ती म्हणाली, "पण मग फळा पुसताना बराच वेळ पुसत राहतात."

आणि यंदा सर्वेक्षणाला आमचीच गल्ली निघाली. कुठली गल्ली घ्यायची ते वरून ठरून येतं, त्यात कुणाचा हात नसतो. विभासने खात्यात सांगितलं की हे माझं राहतं घर आहे, मी ह्यात नको. गल्ली पियालीकडे दिली. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"मंजू, शिप्रा अनोळखी माणसाला दार उघडायची नाही. तू जाशील पियालीबरोबर?"

"आणि तू?"

"मी नसलेलं बरं. घरचा माणूस समोर असला की उत्तरं बदलतात."

रविवारी सकाळी तो छत्री घेऊन बाहेर पडला. मी पियालीला घेऊन गेले. शिप्राच्या स्वयंपाकघरात मटण शिजायला लागलं होतं, ती पाटावर बसून आलं वाटत होती, तांदूळ धुऊन हंडीत भिजत पडले होते. प्रभास अंगणात पेपर वाचत होता. शिप्राने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग पियाली माझी विद्यार्थिनी म्हटल्यावर तिला वेताचा मोडा दिला बसायला.

पियालीने नाव-गाव विचारलं. मग कागदावरून डोळे वर न करता विचारलं, "काकीमा, ह्या हंडीत किती जण जेवतात?"

साधा प्रश्न. पण शिप्राचा वरवंटा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मग अंगणापलीकडच्या बंद खोलीकडे बघितलं, कुलपाकडे. आणि म्हणाली, "चार. मी, हे, मुलगी. आणि दादा."

पियालीने चमकून माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली. तिने लिहिलं.

मला आधी वाटलं, लाज. परक्या पोरीसमोर कोण सांगेल की आमच्या घरात दोन हंड्या आहेत म्हणून? पण मग शिप्रा उठली. हात धुतले. फडताळातून तांदळाचं भांडं काढलं, एक माप घेतलं, धुतलं आणि त्या हंडीत टाकलं. लिहिणारीचं लिहून झालं होतं, उठायची काही गरज नव्हती. माप परत ठेवताना माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं, "मंजुदी, दादा अजून मटण खातात ना? की सोडलं?"

"खातो की," मी म्हटलं. "हाडं चोखून खातो."

"मग दोन बटाटे जास्त टाकते," ती म्हणाली.

बाई, मला त्या क्षणी तिला मिठीच मारावीशी वाटली. इतक्या वर्षांनी गाठ सुटली, आणि सुटली ती कशाने, तर सरकारी प्रश्नाने! मी घाईने घरी आले, कारण माझ्या म्हाताऱ्या सासूबाईंच्या आंघोळीची वेळ झाली होती. जिन्यात मी एकटीच हसत होते. आज दुपारी विभास अंगण ओलांडणार, जेवायला बसणार, हे मला डोळ्यापुढे दिसायला लागलं.

सासूबाईंना आंघोळ घालून मी ओले कपडे घेऊन गच्चीवर गेले, आणि खाली अंगणात विभासचा आवाज ऐकला. ऑफिसातला आवाज.

झालं होतं असं की गल्लीच्या तोंडाशी पियालीला तो भेटला. पोरीच्या मनात सलत होतं. सरांनीच शिकवलेलं, सरांचंच घर, आणि कागदावर चार. तिने सांगून टाकलं. त्याने विचारलं, कुणी सांगितलं चार? काकीमांनी. आणि तो तिला घेऊन सरळ परत आला.

"प्रभास, चूक झालीय," तो अंगणात उभा राहून सांगत होता. "चार नव्हे, तीन. माझी हंडी वेगळी आहे. पियाली, खोड ते आणि नीट लिही. माझं कुटुंब वेगळं धर."

प्रभासने पेपर खाली केला आणि पुन्हा वर केला. शिप्रा स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात डाव होता. मला गच्चीवरून तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता, तो मी विसरणार नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दादांची वेगळी." आणि आत गेली.

पियालीने उभ्या उभ्या खोडलं. विभासने तिला शाबासकी दिली, म्हणाला, "सांगितलंस ते चांगलं केलंस." मग कुलूप उघडून खोलीत गेला. जरा वेळाने त्याच्या शेगडीवर डाळ चढली.

दुपारभर मटणाचा वास अंगणात होता. उन्हं उतरली तेव्हा शिप्रा थाळीत भात घेऊन दाराबाहेर आली आणि गल्लीतल्या कुत्र्यांपुढे तो ओतला. सोबत दोन बटाटे होते.

माझं डोकं फिरलं. मी तशीच चपला अडकवून त्याच्या खोलीवर गेले. तो खाटेवर बसून रेडिओ ऐकत होता.

"बंद कर तो," मी म्हटलं. "काय केलंस तू हे? तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला?"

"मंजू, ते खोटं होतं."

"असू दे की!"

"तसं नाही चालत. ती लाजेखातर बोलली. परक्या माणसासमोर सगळेच तसं बोलतात. इतकी वर्षं हेच तर ऐकतोय मी." त्याचा आवाज जरा खाली आला. "आणि माझ्यासाठी तिला खोटं बोलावं लागलं, हे मला नाही आवडलं. तिला अडचण नको व्हायला."

"हंडी बघितलीस?"

"काय?"

"हंडी! पोरांना जन्मभर सांगतोस ना, हंडी बघून लिही? आज बघितलीस का तू ती? तिने तांदूळ चौघांचे टाकले होते, विभास. माझ्या डोळ्यादेखत टाकले. मला विचारलं, दादा मटण खातात ना म्हणून. बटाटे वाढवले तुझ्यासाठी. तू आत डोकावला असतास तर दिसलं असतं. अंगणातूनच ओरडलास मेल्या!"

रेडिओ तसाच खरखरत होता. मग त्याने विचारलं, "तो भात?"

"कुत्र्यांनी खाल्ला," मी म्हटलं आणि निघून आले. मी जरा जास्तच बोलले असेन, पण मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

तो आठवडा त्याने रजा घेतली. खोलीचं दार ओढलेलं असायचं. टुलटुल कॉलेजला जाताना "जेठू, येते" म्हणायची तेव्हा आतून हुंकार यायचा, तेवढंच. मी दोनदा डाळ-भाजी पाठवली, वाट्या घासून पुसून परत आल्या.

पुढच्या रविवारी मी गच्चीवर साडी वाळत घालत होते. शिप्राच्या स्वयंपाकघरातून पोस्तो वाटल्याचा आवाज येत होता. विभासचं दार उघडलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, केस ओले करून विंचरले होते. मला आठवलं, मेमारीची मुलगी बघायला जाताना तो असाच दिसत होता. तो अंगणात आला, मधे थांबला, मग शिप्राच्या दारापर्यंत गेला आणि चौकटीला हात लावून उभा राहिला. माझ्या हातातली साडी तशीच राहिली. मी मनात म्हणत होते, बोल बाबा, काहीही बोल, नुसतं भूक लागलीय म्हण.

इतक्या वर्षांत बायाबापड्यांना प्रश्न विचारून ज्याची जीभ कधी अडली नाही, त्याला तिथे शब्द सापडेना. आत पाटा-वरवंटा चालूच होता. शेवटी त्याला जे येत होतं तेच त्याने विचारलं.

"आज काय केलंय, शिप्रा?"

वरवंटा थांबला. ती बाहेर आली नाही. आतूनच तिचा आवाज आला, शांत, मोठ्या दिराशी बोलावं तसा अदबीचा.

"लिहून घ्यायचंय का, दादा?"

तो म्हणाला, "नाही नाही. सहज." आणि चौकटीवरचा हात काढून मागे वळला. वळताना तो वर बघेल आणि मी दिसेन, म्हणून मी घाईघाईने साडी दोरीवर पसरली आणि तिच्या मागे उभी राहिले.